जहाजावरून उतरावे की नाही? : सुएझ मार्गावरील मराठी प्रवाशांच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

मराठी माणसाच्या विलायत प्रवासाविषयीचे आपल्याकडील लेखन बहुतांशी दोन टोकांपाशी थांबते. एक टोक मुंबईच्या बंदराचे. तेथे समुद्रोल्लंघन, जातीचा बहिष्कार आणि प्रायश्चित्त यांची चर्चा होते. दुसरे टोक लंडनचे. तेथे राजदरबार, विद्यापीठ, गोलमेज परिषद यांची चर्चा होते. या दोहोंमधील तीन-चार आठवड्यांच्या वाटेकडे मात्र इतिहासकाराचे लक्ष फारसे गेलेले नाही. या वाटेवर एक ठिकाण असे होते की, जेथे प्रत्येक प्रवाशापुढे एक साधा प्रश्न उभा राही : जहाज सोडून किनाऱ्यावर जावे, की जहाजावरच राहावे? ते ठिकाण म्हणजे सुएझ.

वरवर पाहता हा प्रश्न हौसेचा वाटतो. कालवा ओलांडण्यास जहाजाला वेळ लागतो. तेवढ्यात सुएझला उतरून आगगाडीने कैरो गाठावे, पिरॅमिड पाहावेत आणि पोर्ट सैदला पुन्हा आपले जहाज पकडावे, असा बेत शेकडो प्रवाशांनी केला. परंतु या वाटेचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला असता असे दिसते की, उतरण्याचा निर्णय प्रवाशाच्या हाती फार थोडा काळ होता. कधी टपाल खात्याचा करार, कधी प्लेगचा नियम, कधी नोकरीचा कागद त्याच्या वतीने तो निर्णय घेऊन टाकत असे. प्रस्तुत लेखात कोल्हापूर व मुंबई इलाख्याशी संबंधित काही उदाहरणांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

उतरणे सक्तीचे होते तेव्हा

मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघाली व महिन्याभराहून थोड्या अधिक काळात सुएझला पोहोचली. केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाणाऱ्या शिडाच्या जहाजांना लागणाऱ्या महिन्यांच्या तुलनेत हे आश्चर्यच होते. परंतु सुएझला समुद्र संपत असे. तेथे प्रत्येकाला उतरावे लागे. सुएझ ते कैरो हे सुमारे ८४ मैलांचे वाळवंट होते. पुढील काळात तेथे खेचरे व घोडे जुंपलेल्या दोन चाकी गाड्या सुरू झाल्या. एका गाडीत सहा प्रवासी दाटीवाटीने बसत, ठरावीक टप्प्यांवर जनावरे बदलली जात, आणि सामान उंटांच्या पाठीवरून येई. कैरोहून नाईल नदीतील बोट आणि तेथून महमुदिया कालव्यातील बोट असा प्रवास करून अलेक्झांड्रिया गाठावे लागे. म्हणजे सुएझ कालवा खोदला जाण्यापूर्वीही मुंबईच्या प्रवाशाला कालव्याचा प्रवास घडत असे. फक्त तो गोड्या पाण्याचा, आणि आपले मूळ जहाज मागे सोडून दिल्यानंतरचा असे. अलेक्झांड्रिया ते कैरो लोहमार्ग १८५६ मध्ये व कैरो ते सुएझ लोहमार्ग १८५८ मध्ये पूर्ण झाल्यावर हे हाल बरेच कमी झाले.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा समारंभपूर्वक खुला झाला. त्या दिवसापासून मुंबई ते युरोप हा अखंड जलप्रवास झाला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते व पाठ्यपुस्तकेही तसेच सांगतात. वस्तुस्थिती वेगळी होती. ब्रिटिश टपाल खात्याचा पेनिन्सुलर अँड ओरिएंटल कंपनीशी जो करार होता, त्यात डाक सुएझला उतरवून आगगाडीने अलेक्झांड्रियाला नेण्याची पद्धत ठरलेली होती. नव्या कालव्यावर टपाल खात्याचा विश्वास नव्हता. डाकेला उशीर होईल अशी भीती त्याला वाटे. परिणामी असेही घडे की, डाकेच्या थैल्या सुएझला उतरत, रिकामे झालेले जहाज कालव्यातून पलीकडे जाई, आणि आगगाडीने आलेल्या त्याच थैल्या भूमध्य समुद्राच्या बाजूला जहाजावर चढवल्या जात. ही गंमत थोडीथोडकी वर्षे चालली नाही. जलद डाक पूर्णपणे कालव्यामार्गे नेण्यास १८८८ साल उजाडावे लागले. डाकेबरोबर निघालेल्या घाईच्या प्रवाशालाही डाकेचीच वाट धरावी लागे. तंत्रज्ञान बदलले म्हणजे समाजाची वाट लगेच बदलते, हे गृहीतक तपासून घेण्यासाठी हे उदाहरण पुरेसे बोलके आहे.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) यांचा १८७० मधील युरोप प्रवास नेमका या संधिकाळातला आहे. १८५० साली जन्मलेले व १८६६ मध्ये गादीवर आलेले हे तरुण महाराज युरोपला गेलेल्या पहिल्या काही सत्ताधीश हिंदू राजांपैकी एक होते. त्यांनी निघावे त्या वेळी कालवा खुला होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. त्यांची इंग्रजी दैनंदिनी कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनी संपादित करून १८७२ मध्ये लंडनला प्रसिद्ध केली. या दैनंदिनीची चर्चा आपल्याकडे बहुधा लंडनमधील भेटीगाठींपुरती होते. परंतु हा प्रवास पूर्ण झालेला नाही, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. फ्रान्स व प्रशिया यांच्यातील युद्धाच्या धामधुमीत परतीच्या वाटेवर असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, महाराजांचे निधन झाले. आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर, काशिने उद्यानाच्या टोकाशी त्यांचा अंत्यसंस्कार हिंदू पद्धतीने झाला. तेथे उभारलेली छत्री व अर्धपुतळा आजही आहे, आणि शेजारच्या आधुनिक पुलाला इटालियन लोक 'भारतीयाचा पूल' या अर्थाच्या नावाने ओळखतात.

समुद्रोल्लंघनाचा दोष नेमका कशात आहे, असा प्रश्न त्या काळी विचारला असता तर शास्त्री समुद्राकडे बोट दाखवीत. प्रस्तुत लेखकास मात्र असे वाटते की, व्यवहारातील खरी अडचण समुद्राची नसून परक्या जमिनीची होती. जहाजावर स्वतंत्र चूल, स्वतःचे आचारी, पाण्याची पिंपे अशी व्यवस्था निदान श्रीमंतांना करता येई. जहाज म्हणजे एक प्रकारे घराचाच तुटून निघालेला तुकडा असे. किनाऱ्यावर पाऊल टाकताच ही व्यवस्था मोडे. पाणी कोणाचे, भांडे कोणाचे, शिजवले कोणी, हे सर्व प्रश्न तेथे उभे राहत. जयपूरचे महाराज माधोसिंह १९०२ मध्ये 'ऑलिंपिया' हे आख्खे जहाज भाड्याने घेऊन व चांदीच्या प्रचंड घागरींतून गंगाजल बरोबर घेऊन विलायतेस गेले, यामागील विचार हाच होता. जमिनीवर उतरायचे, पण आपले पाणी घेऊन उतरायचे. ७ एप्रिल १८८३ रोजी कोलकात्याहून निघालेल्या आनंदीबाई जोशी यांच्याजवळ असे कोणतेच जहाज अथवा घागरी नव्हत्या. मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने निघालेल्या त्या अठरा वर्षांच्या मुलीला आपला आचार जहाजावर व किनाऱ्यावर सारखाच, एकटीने सांभाळावा लागला. दोन्ही उदाहरणे एकाच 'समुद्रोल्लंघन' या सदरात टाकणे सोयीचे असले, तरी त्यामुळे फरक पुसला जातो.

दहा दिवसांचा हिशेब

उतरण्याची सक्ती संपली आणि थोड्याच वर्षांत न उतरण्याची सक्ती आली. या भागाकडे आपल्या अभ्यासकांचे जवळजवळ दुर्लक्ष झाले आहे, म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करणे आवश्यक वाटते.

पटकी व प्लेग हे रोग पूर्वेकडून कालव्याच्या वाटेने युरोपात येतील, ही भीती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपीय राष्ट्रांच्या आरोग्य परिषदांमध्ये सतत व्यक्त होत होती. ब्रिटनची भूमिका आपल्या जहाजांचा खोळंबा होऊ नये अशी, तर भूमध्य समुद्राकाठच्या देशांची भूमिका रोग अडवला पाहिजे अशी. १८९२ च्या व्हेनिस करारात यातून एक तोड निघाली. संशयित जहाजाने कालव्यातून जावे, पण किनाऱ्याशी कोणताही संपर्क न ठेवता, आरोग्य खात्याचे पहारेकरी बरोबर घेऊन जावे. जहाज पुढे जाईल, माणूस मात्र उतरणार नाही. अंमलबजावणीचे काम अलेक्झांड्रिया येथील आंतरराष्ट्रीय क्वारंटाइन मंडळाकडे होते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग जाहीर झाला आणि हा नियम मुंबईच्या जहाजांना थेट लागू झाला. १८९७ मध्ये खास प्लेगसाठी व्हेनिसला पुन्हा परिषद भरली. तीत रोगाचा सुप्तावस्थेचा काळ दहा दिवसांचा धरण्यात आला. आता मुंबई ते सुएझ हे अंतर वेगवान डाकबोट साधारण नऊ-दहा दिवसांत कापत असे. म्हणजे जहाज जितके चांगले व जितके वेगवान, तितकी दहा दिवसांची मुदत पुरी होण्याआधी ते सुएझला पोहोचण्याची शक्यता अधिक. संथ बोटीने जाणाऱ्याला जे मिळण्याची शक्यता होती, ते पहिल्या वर्गाचे भाडे भरणाऱ्याला मिळेलच असे नव्हते. प्रवासाचा वेग हीच अडचण ठरावी, असा हा विचित्र हिशेब होता. १९०३ च्या पॅरिस करारात ही मुदत पाच दिवसांवर आणल्यानंतर तो सैल झाला.

छत्रपती शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी १९०२ च्या उन्हाळ्यात इंग्लंडला गेले, ते हे दहा दिवसांचे नियम अमलात असताना. केंब्रिज विद्यापीठाने याच प्रवासात त्यांना एलएल. डी. ही सन्माननीय पदवी दिली. राजाच्या आजारपणामुळे २६ जूनचा राज्यारोहण समारंभ लांबणीवर पडून ९ ऑगस्टला झाला. या मधल्या काळात, महाराज परदेशी असताना, २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांतील निम्म्या जागा राखून ठेवणारा जाहीरनामा कोल्हापुरात निघाला. हा योगायोग सर्वपरिचित आहे. त्याच्या जोडीला एवढेच नोंदवावेसे वाटते की, वेदोक्त प्रकरणाने ज्यांच्या धार्मिक अधिकाराचा प्रश्न नुकताच ऐरणीवर आणला होता, त्या छत्रपतींचे मुंबईहून निघालेले जहाज सुएझच्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या दृष्टीने एका प्लेगग्रस्त बंदरातून आलेले जहाज होते. त्या यादीत वर्ण नव्हता, बंदराचे नाव होते.

तथापि हे समानतेचे चित्र फार ताणू नये. हाच आरोग्य नियम हजच्या यात्रेकरूंसाठी उलट दिशेने चालत होता. मुंबईहून जेद्दाला जाणाऱ्या डेकवरील प्रवाशांना तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या कामरान बेटावर १८८२ पासून सक्तीने उतरवले जाई. कपडे व सामान धुरी-वाफेतून काढले जाई, दिवसच्या दिवस उघड्या बेटावर काढावे लागत आणि त्याचे शुल्कही त्यांच्याकडूनच वसूल होई. कोकण व देशावरील मुस्लिम यात्रेकरू याच वाटेने जात. प्लेगमुळे १८९७ मध्ये तर सरकारने यात्राच बंद केली. एकाच मुंबई बंदरातून, एकाच रोगाच्या भीतीपोटी, केबिनच्या प्रवाशाला सुएझला उतरू दिले जात नव्हते आणि डेकच्या प्रवाशाला कामरानला उतरल्यावाचून पुढे जाता येत नव्हते. विलायतेस गेलेल्यांची प्रवासवर्णने मराठीत आहेत. कामरानच्या वाळूत दिवस काढलेल्यांची वाणी मात्र आपल्या अभ्यासक्रमांत कोठेही येत नाही.

हौसेचा काळ

वरील मर्यादा बाजूला ठेवल्यास, उतरण्याचा निर्णय खऱ्या अर्थाने प्रवाशाच्या हाती आला तो विसाव्या शतकात. त्यामागे काही अगदी व्यावहारिक कारणे होती. प्रारंभी कालव्यातून रात्री जहाजे चालत नसत. १८८७ पासून विजेचे शोधदीप लावलेल्या जहाजांना रात्रीही परवानगी मिळाली व दीड दिवसाच्या आसपास लागणारा वेळ एका दिवसाच्या आत आला. त्यामुळे कैरोची धावती फेरी अधिक घाईची झाली. परंतु १९०४ मध्ये इस्माइलिया ते पोर्ट सैद हा रुंद रुळांचा मार्ग तयार झाल्याने तीच फेरी शक्यही झाली. सुएझला उतरायचे, कैरोला जायचे आणि जहाजाच्या आधी पोर्ट सैद गाठायचे, ही आगगाडी आणि आगबोट यांच्यातील शर्यत होती. जहाज कोणासाठी थांबत नसे. पिरॅमिडच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या प्रवाशाचे निम्मे लक्ष घड्याळाकडे असे, हे सांगावयास नकोच.

पोर्ट सैदला उतरण्याचे कारण त्याहून रोकडे होते : कोळसा. तेथे जहाजावर कोळसा भरला जाई. त्या वेळी खिडक्या बंद करून घ्याव्या लागत आणि तरीही काळी धूळ सर्वत्र शिरे. म्हणून ज्याला शक्य असेल तो शहरात जाई, सायमन आर्ट्झच्या दुकानात टोप्या व किरकोळ वस्तू घेई, आणि भरणा संपल्यावर परत येई. तेलावर चालणारी जहाजे आल्यावर ही गरज उरली नाही.

अशाच तेलावरील एका वेगवान इटालियन जहाजाचा, 'व्हिक्टोरिया'चा, उल्लेख येथे केला पाहिजे. तिसऱ्या गोलमेज परिषदेसाठी निघालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ नोव्हेंबर १९३२ रोजी अ. वि. ठक्कर यांना एक विस्तृत पत्र लिहिले. त्याच्या शिरोभागी जहाजाचे नाव आणि पोर्ट सैद हे ठिकाण आहे. अस्पृश्यता निवारणाच्या नव्या संस्थेने काय करावे याचा तो आराखडा आहे. विहिरी, शाळा, चावडी, सार्वजनिक वाहने यांच्या वापराचा हक्क खेडोपाडी प्रत्यक्षात आणण्याची मोहीम हे त्यातील पहिले कलम. माणगाव परिषदेनंतर, १९२० मध्ये, शाहू महाराजांच्या अर्थसाहाय्याने ज्यांनी आपले अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी हाच समुद्र ओलांडला होता, त्यांचे हे पत्र. या मुक्कामावर लिहिलेल्या मराठी माणसाच्या मजकुरांपैकी त्याच्या तोडीचे दुसरे मला ठाऊक नाही.

ज्यांना उतरता येत नसे

आतापर्यंत ज्यांचा विचार केला ते सर्व तिकीट काढून निघालेले होते. जहाजावर दुसराही एक वर्ग होता. त्यातील कैद्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. जुलै १९१० मध्ये 'मोरिया' जहाजावरून आणले जात असताना वि. दा. सावरकरांनी ८ जुलै रोजी मार्सेय बंदरात समुद्रात उडी घेतली व किनारा गाठला. फ्रेंच भूमीवर पाय लागल्याने काय हक्क निर्माण होतो, हा प्रश्न हेगच्या लवादापर्यंत गेला व २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. पकडले गेल्यावर त्यांना त्याच जहाजाने कालव्यातून पुढे आणण्यात आले आणि एडनला 'साल्सेट' बोटीवर चढवण्यात आले. ही उडी मार्सेयची आहे, सुएझची नव्हे. तथापि 'जहाज सोडले' म्हणजे कायद्याने नेमके काय घडले, याची एवढी काटेकोर चर्चा तिच्यामुळेच झाली. कालव्याविषयीचा १८८८ चा कॉन्स्टँटिनोपल करार जहाजाला युद्धकाळात व शांतताकाळात मुक्त वाट देतो. जहाजावरील माणसाला किनाऱ्यावर उतरण्याचा हक्क देणे हा त्याचा विषयच नव्हता.

सावरकरांविषयी शेकडो पृष्ठे लिहिली गेली. त्याच जहाजांच्या डेकवर, भट्टीपाशी आणि भटारखान्यात राबणाऱ्या खलाशांविषयी मराठीत फारच थोडे आहे. डेकवर रत्नागिरी जिल्ह्यातील कोकणी मुसलमान, खानपानाच्या कामात गोव्याचे ख्रिस्ती, भट्टीपाशी उत्तरेकडचे लोक, अशी साधारण वाटणी मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर असे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटिश जहाजांवर असे सुमारे ५१ हजार लास्कर काम करीत होते. त्यांचा करार वेगळा, पगार गोऱ्या खलाशापेक्षा कमी, राहण्याची जागाही कमी. १८२३ पासूनचा ब्रिटिश कायदा त्यांना हिंदुस्थानातच परत आणून सोडण्याची जबाबदारी मालकावर टाकीत होता. ही तरतूद वरवर दयेची दिसते. तिचा परिणाम मात्र असा होता की, परक्या बंदरात नोकरी सोडून जमिनीवर राहणे हा खलाशाचा निर्णय उरत नव्हता, तो गुन्हा ठरत होता. १८९४ च्या कायद्याने तर त्याला मध्येच दुसऱ्या जहाजावर चढवून परत पाठवण्याचीही मोकळीक दिली. पोर्ट सैदला साहेब लोक कोळशाची धूळ टाळण्यासाठी खाली उतरत, त्या वेळी डेक धुऊन स्वच्छ करण्याचे काम याच माणसांवर असे.

प्रवासी बोटींचा काळ संपला. जून १९६७ च्या युद्धात कालवा बंद झाला, तो ५ जून १९७५ रोजी उघडला; तोवर मराठी विद्यार्थी विमानाने जाऊ लागला होता. उरले ते मालवाहू जहाज आणि त्यावरचा खलाशी. आज या व्यवसायात कोकणाबरोबरच कोल्हापूर, सांगली, सातारा येथील तरुणही आहेत. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत देशोदेशींच्या बंदरांनी जहाजांवरील माणसांना उतरण्यास मनाई केली. त्या वर्षाअखेरीस करार संपूनही जहाजांवरच अडकलेल्या खलाशांची संख्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने सुमारे चार लाख सांगितली. १८९७ च्या व्हेनिस परिषदेतील सदस्यांना हे चित्र अनोळखी वाटले नसते.

२३ मार्च २०२१ रोजी 'एव्हर गिव्हन' हे अजस्र जहाज कालव्यात आडवे अडकले. त्यावरील पंचवीसही खलाशी भारतीय होते. २९ मार्चला जहाज मोकळे झाले, जगाचे लक्ष दुसरीकडे वळले; परंतु नुकसानभरपाईच्या दाव्यापोटी ते ग्रेट बिटर लेकमध्ये ७ जुलैपर्यंत रोखून ठेवण्यात आले. काही जणांना घरी परतू देण्यात आले, बहुतेक जहाजावरच राहिले. ज्या तळ्याकाठून कैरोच्या आगगाड्या जात आल्या आहेत, त्याच तळ्यात ते तीन महिन्यांहून अधिक काळ नांगरून होते.

त्याच सुमारास, सुएझच्या जवळ अदबिया बंदरापाशी 'अमन' नावाचे एक लहान मालवाहू जहाज २०१७ पासून जप्तीत पडून होते. न्यायालयाने त्याच्या सीरियन मुख्य अधिकाऱ्याला जहाजाचा कायदेशीर रखवालदार नेमले होते. बाकीचे खलाशी निघून गेले, तो एकटा राहिला. किनारा पोहून जाण्याइतका जवळ आल्यावर तो दर काही दिवसांनी पोहत जमिनीवर जाई, अन्न घेई, मोबाइल चार्ज करी आणि परत जहाजावर येई. एप्रिल २०२१ मध्ये त्याची सुटका झाली.